विजेचीं दारें

संगणक म्हणजे बुद्धि असलेलें यंत्र, असा एक समज लोकांत रूढ झाला आहे. तो दूर करण्यास मोठ्या विद्वानाची गरज नाहीं. ज्यानें गव्हाच्या वाफ्यांत एक रात्र दारें धरलीं आहेत त्यास संगणकाच्या पोटांत काय चालतें हें सहज समजण्यासारखें आहे. पाटाचें पाणी कोठें जावें हें पाणी ठरवीत नाहीं, दार ठरवितें. आणि कोणतें दार मोडावें व कोणतें बांधावें हें ज्याच्या हातांत फावडें आहे तो ठरवितो. संगणकांत पाण्याच्या जागीं वीज आहे, आणि फावड्याच्या जागींही वीजच आहे, एवढाच काय तो भेद. इंग्रजी शास्त्रकारांनीं या योजनेस दार याच अर्थाचें नांव दिलेलें आहे, म्हणून आम्हीही येथें तोच शब्द वापरीत आहों.

शेतकीच्या मासिकांत हा विषय कशास, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, परभणी जिल्ह्यांत चारठाण्यासारख्या गांवीं ज्याची म्हणून विहिरीवर बागाइत आहे, त्याच्या विहिरीवर हीं विजेचीं दारें टांगलेलीं आहेत. चारठाणा हें जिंतूर तालुक्यांतील जुनें गांव. येथील प्राचीन देवळें व पायऱ्यांची बारव पाहण्यास दूरचे लोक येतात. बारव बांधणाऱ्यांनीं माणसास पाण्यापर्यंत नेलें. मोटेनें पाणी माणसापर्यंत आणलें. आतां तें काम मोटार करते, आणि मोटारीस चालविण्याचें काम विहिरीकांठची एक लोखंडी पेटी करते. त्या पेटीच्या आंत काय आहे हें फार थोड्यांनीं लक्ष देऊन पाहिलें असेल. तेथील एक दार भलत्या वेळीं उघडें राहिल्यामुळें ऐन रब्बींत रोहित्र, ज्यास आपण डी. पी. म्हणतों, जळून जातें, आणि एकाच्या नव्हे तर दहा जणांच्या गव्हाचें पाणी तुटतें. आमचा रोख त्या दारावर आहे. पण तेथें पोंचण्यापूर्वीं दारांचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

एकाच पाटावर, एकापुढें एक, अशीं दोन दारें आहेत असें समजा. वाफ्यांत पाणी केव्हां येईल? पहिलें उघडें असेल आणि दुसरेंही उघडें असेल तेव्हांच. यास 'आणि-दार' म्हणूं. आतां दोन विहिरींचे दोन पाट एकाच वाफ्यास येऊन मिळतात असें समजा. या पाटाचें दार उघडें असो किंवा त्या पाटाचें असो, वाफा भिजतोच. हें 'किंवा-दार' झालें. तिसरा प्रकार नकाराचा. घरावरील टाकींत तरंगता गोळा बसविलेला असतो. टाकींत पाणी नसतें तोंवर नळ वाहतो, पाणी चढलें कीं गोळा वर येऊन नळाचें तोंड मिटतें. पाणी असलें तर नळ बंद, नसलें तर चालूं. हें 'नकार-दार' होय. संगणकांत याहून निराळी चौथी जात मुळांत नाहीं. बाकी जें आहे तें या तिघांचीच वीण आहे.

विजेनें विजेचें दार उघडावयाचें कसें, हा खरा प्रश्न होता. त्याचें जुनें उत्तर आपल्या पेटींतच आहे. लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचें वेटोळें गुंडाळून त्यांतून वीज सोडली म्हणजे तो गाभा तेवढ्यापुरता चुंबक होतो, आणि वीज बंद होतांच त्याचें चुंबकत्व जातें. या वेटोळ्यास आपले मिस्त्री कॉइल म्हणतात. चुंबकानें समोरची लोखंडी पात ओढून घेतली कीं तिच्यावरील पॉइंट एकमेकांस टेकतात, किंवा आधीं टेकलेले असल्यास सुटतात. टेकणारा पॉइंट हें साधें दार. सुटणारा पॉइंट हें नकार-दार. अशा साधनास रिले म्हणतात. (मिस्त्री लोक टेकलेल्या पॉइंटास 'बंद' म्हणतात, कारण त्यांचें लक्ष फटीकडे असतें. आम्ही या लेखांत 'दार उघडें' म्हटलें कीं प्रवाह चालूं, असें वाचकांनीं समजावें. नाहींतर घोटाळा होईल.)

आतां पेटीकडे वळूं. पेटीचें झांकण वीज चालूं असतां कोणी काढूं नये. येथें कागदावरच पाहणें बरें. हिरवें बटण दाबलें कीं कॉइलला वीज मिळते, कॉइल पात ओढते, तीन मोठे पॉइंट टेकतात व तिन्ही फेज मोटारीस पोंचतात. पण हिरव्या बटणाखालीं स्प्रिंग असते. बोट काढतांच तें बटण परत वर येतें आणि त्याचें दार मिटतें. तरीही मोटार चालूंच राहते. ही गोष्ट रोज घडते म्हणून तिचें नवल वाटेनासें झालें आहे; पण पेटीचें सारें मर्म येथेंच आहे. त्याच पातीवर तीन मोठ्या पॉइंटांच्या शेजारीं एक लहान, चौथा पॉइंट असतो, आणि तो हिरव्या बटणाच्या बाजूस दुसऱ्या पाटासारखा जोडलेला असतो. पात ओढली गेली कीं हा चौथा पॉइंट टेकतो, आणि बोट निघालें तरी कॉइलला वीज त्या वाटेनें मिळत राहते. कॉइल स्वतःच स्वतःचें दार धरून बसते. लाल बटण आणि ओव्हरलोड रिले हीं दोन्ही या वाटेवर एकापुढें एक अशीं नकार-दारें आहेत: दाबलें किंवा उडालें कीं वाट तुटली.

सारी पेटी एका वाक्यांत अशी मांडतां येते: हिरवें बटण दाबलेलें असेल किंवा चौथा पॉइंट टेकलेला असेल, आणि लाल बटण दाबलेलें नसेल, आणि ओव्हरलोड उडालेला नसेल, तर मोटार चालेल. यांत बोटाचा दाब निघून गेल्यावरही 'आपणांस चालूं राहण्यास सांगितलें आहे' हें पेटी लक्षांत ठेवते. संगणकाची स्मरणशक्ति ती हीच. एका घरांत एक होय किंवा एक नाहीं धरून ठेवणारीं अशीं कोट्यवधि घरें त्यांत असतात, इतकेंच.

अशी वाक्यें गणिताच्या रीतीनें मांडतां येतात हें प्रथम दाखविलें जॉर्ज बूल यानें. हा इंग्लंडांतील लिंकन गांवच्या एका चांभाराचा मुलगा. बहुतेक विद्या त्यानें स्वतःच मिळविली. त्याचा विचारांच्या नियमांवरील ग्रंथ १८५४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन हा आपल्याच देशांत, मदुरा येथें, १८०६ सालीं जन्मला. त्याच्या नांवानें चालणारा एक नियम विहीरवाल्यानें पाठ करून ठेवण्यासारखा आहे. जें काम 'आणि'नें जोडलेल्या अटींवर चालतें, तें न चालण्याचीं कारणें 'किंवा'नें जोडलेलीं असतात. मोटार चालण्यास पहिला फेज आणि दुसरा आणि तिसरा आणि कॉइल आणि ओव्हरलोड असें सर्वच ठीक पाहिजे. म्हणून मोटार बंद पडली कीं पहिला फेज गेला किंवा दुसरा किंवा तिसरा किंवा कॉइल जळाली किंवा ओव्हरलोड उडाला, यांपैकीं एक तरी असलेंच पाहिजे. अटी क्रमानें एकेक पाहत गेलें कीं दोष सांपडतो. सगळेंच एकदम उलगडून ठेवणाऱ्या मिस्त्रीपेक्षां क्रमानें पाहणारा मिस्त्री आम्हांस अधिक पसंत आहे.

बूलचें गणित जवळजवळ ऐंशीं वर्षें पुस्तकांतच राहिलें. तें रिलेच्या पॉइंटांस लागूं पडतें हें क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणानें १९३७ सालीं आपल्या प्रबंधांत सविस्तर दाखविलें. तेव्हां तो एकवीस वर्षांचा होता. शॅनन मिशिगन प्रांतांतील गेलॉर्ड नांवाच्या लहान गांवीं वाढला. लहानपणीं त्यानें अर्ध्या मैलावरील मित्राच्या घरापर्यंत तारयंत्र जोडलें होतें, आणि त्यासाठीं तार वापरली ती शेताच्या कुंपणाची कांटेरी तार.

दारांनीं बेरीज कशी होते हें समजण्यास आपला जुना रुपया फार सोयीचा आहे. १९५७ सालीं नवे पैसे आले, तोंपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते. आपल्या भागांत १९४८ पर्यंत निजामाचा अंमल असतां चालणारा हाली शिक्काही सोळा आण्यांचाच. आणा, चवली, पावली, अधेली म्हणजे अनुक्रमें एक, दोन, चार व आठ आणे. प्रत्येकीं एकच नाणें खिशांत असलें तरी एक आण्यापासून पंधरा आण्यांपर्यंत कोणतीही रक्कम सुट्ट्याशिवाय देतां येते. अकरा आणे द्यावयाचे तर अधेली, चवली व आणा द्यावा, पावली ठेवावी. प्रत्येक नाण्याविषयीं प्रश्न एकच: आहे कीं नाहीं. संगणक सर्व संख्या अशाच लिहितो, कारण दाराला उघडें व बंद याखेरीज तिसरी भाषा येत नाहीं.

आतां पांच आण्यांत तीन आणे मिळवूं. पांच म्हणजे पावली व आणा. तीन म्हणजे चवली व आणा. आणा अधिक आणा मिळून एक चवली झाली, म्हणून आण्याच्या घरांत शून्य आणि हातचा एक. चवलीच्या घरांत पूर्वींची एक चवली व हातची एक, मिळून पावली. पुन्हां शून्य, हातचा एक. पावलीच्या घरांतही तेंच. शेवटीं एक अधेली उरली, म्हणजे आठ आणे. यांत नियम दोनच आहेत. दोन्ही बाजूंस नाणें असेल तरच हातचा येतो; हें तर सरळ आणि-दार आहे. घरांत नाणें उरतें तें मात्र दोहोंपैकीं एकाच बाजूस असेल तेव्हां. हा नियमही आपल्या परिचयाचा आहे. दुमजली घरांत जिन्याच्या दिव्यास खालीं एक व वर एक अशीं दोन बटणें असतात. दोन्ही विझलेल्या बाजूस असतां कोणतेंही एक फिरविलें कीं दिवा लागतो, दुसरेंही फिरविलें कीं विझतो. 'हें किंवा तें, आणि दोन्ही मिळून नव्हे' असें किंवा, आणि व नकार या तिन्हीं दारांचें हें गुंफण आहे. हातच्यासह तीन पदें आलीं तर हेंच गुंफण दोनदां मांडून एक किंवा-दार जास्त घालावें लागतें. बेरीज साधली कीं गुणाकार म्हणजे पुनःपुन्हां बेरीज, आणि वजाबाकी म्हणजे नकार-दारांतून उलटी केलेली बेरीज. शाळेंतील मुलास हा भाग जमिनीवर चिंचोके मांडून दाखवावा. वडील माणसांपेक्षां त्यास तो लवकर कळतो, असा आमचा अनुभव आहे.

रिले आवाज करतो, झिजतो आणि सावकाश चालतो. त्याच्या जागीं पुढें कांचेच्या निर्वात नळ्या आल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं जो संगणक चालूं झाला व पुढें टिफ्रॅक या नांवानें प्रसिद्धीस आला, त्यांत अशा सुमारें २,७०० नळ्या होत्या. तत्पूर्वींच, १९४७ च्या डिसेंबरांत, अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर निघाला होता. यांत हलणारी पात नाहीं. एका पायास किंचित् वीज दिली कीं दुसऱ्या दोन पायांमधील वाट मोकळी होते. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें एकाच चकतीवर सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर बसवून लहानसा संगणकच बाजारांत आणला. आजच्या चांगल्या मोबाइलाच्या चकतींत ते एक हजार कोटींहून अधिक असतात, आणि सेकंदास दोनतीनशें कोटी ठोक्यांच्या तालावर उघडमीट करतात. संख्या व वेग यांनीं डोळे दिपतात खरे. पण दारें तींच, आणि सांगितल्यावांचून त्यांतील एकही दार आपल्या मनानें उघडत नाहीं. मोबाइलवरून चालूं होणारे जे स्टार्टर हल्लीं विहिरींवर आले आहेत त्यांतही अशीच एक चकती असते, आणि तिच्या पुढें तोच जुना कॉइल-पातीचा रिले बसलेला असतो.

आतां मूळ मुद्यावर येऊं. वीज गेली कीं कॉइल पात सोडते, चौथा पॉइंट सुटतो, आणि वीज परत आली तरी मोटार आपोआप चालूं होत नाहीं. पेटी विसरते. हें विसरणें म्हणजे दोष नव्हे. मुद्दाम ठेवलेली सोय आहे, कारण मधल्या वेळांत कोणी पट्ट्यास किंवा तारेस हात लावलेला असूं शकतो. पण शेतीस थ्री फेज वीज पाळीपाळीनें, आणि अनेक वर्षें आठवड्यांतील कांहीं दिवस रात्रींच मिळत आली. पौषाच्या थंडींत, काळोखांत, सापाविंचवाच्या वाटेनें दोन वाजतां केवळ हिरवें बटण दाबण्यास कोण जाईल? म्हणून शेतकऱ्यानें ऑटो स्विच बसविला. आळसानें बसविला असें म्हणणाऱ्यांनीं एक रात्र तरी ती वाट चालून पाहावी. ऑटो स्विच इतकेंच करतो कीं वीज आली म्हणजे माणसाच्या बोटाऐवजीं तोच हिरव्या बटणाचें दार उघडतो. बऱ्याच ऑटो स्विचांत तिन्ही फेज आले आहेत कीं नाहीं हें पाहणारें आणि-दारही असतें, आणि तें फार हिताचें आहे, कारण एक फेज गेला असतां चालणारी मोटार तापून जळते. कित्येक जण कंडेन्सर लावून हें दार चुकवितात व दोन फेजवर मोटार ओढतात. त्यांत आज पाणी मिळतें आणि उद्यां मोटार गुंडाळण्यास जाते.

परंतु तिन्ही फेज आले, एवढी एकच अट पुरत नाहीं. हिशेब पाहा. पांच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर सुमारें साडेसात अँपियर प्रवाह घेते. ६३ के. व्ही. ए.च्या डी. पी.ची शक्ति प्रत्येक फेजला सुमारें ८४ अँपियर आहे. तिच्यावर अशा दहा मोटारी असल्या तर ७५ अँपियर होतात, डी. पी. तें निभावून नेते. पण मोटार उभी असतां चालूं होतांना पहिले कांहीं क्षण सुमारें सहापट प्रवाह ओढते. माणसें बटणें दाबीत तेव्हां दहा जण दहा निराळ्या वेळीं विहिरीवर पोंचत. ऑटो स्विच झाल्यावर दहाही मोटारी वीज येतांच एकाच क्षणीं उठतात, आणि ८४ च्या डी. पी.वर साडेचारशें अँपियरचा धक्का येतो. त्यानें दाब खालीं पडतो. दाब पडल्यामुळें मोटारी लवकर वेग घेत नाहींत. वेग न आल्यामुळें तो मोठा प्रवाह क्षणांऐवजीं बराच वेळ टिकतो. मग फ्यूज उडतात, उडालेल्या फ्यूजच्या जागीं कोणी जाड तार बांधतो, आणि पुढचा धक्का डी. पी.च्या वेटोळ्यांस बसतो. गव्हास पेरणीपासून १८ ते २१ दिवसांनीं, मुकुटमुळें फुटतांना, पाणी चुकवूं नये असें आपण सर्व जाणतों. त्याच सुमारास डी. पी. जळाली तर नवी येईपर्यंतचे दिवस पीक मोजतें.

महावितरणनें ऑटो स्विच काढावेत व कॅपॅसिटर बसवावेत असें आवाहन शेतकऱ्यांस वारंवार केलें आहे, तें या कारणानें. कॅपॅसिटराविषयीं दुमत नाहीं. मोटारीस लागणारा कांहीं प्रवाह तो जागच्या जागीं पुरवितो व तेवढा भार डी. पी.वरून उतरतो. सौर वाहिन्यांमुळें जेथें दिवसा वीज मिळूं लागली आहे तेथें ऑटो स्विच काढून टाकणेंच योग्य. जेथें रात्रपाळी अद्याप आहे, तेथें लोक तो काढीत नाहींत हें उघड दिसतें. तेव्हां अशा ठिकाणीं निदान एक आणि-दार वाढवावें, आणि तें वेळेचें असावें: तिन्ही फेज आले आहेत, आणि येऊन ठराविक वेळ लोटला आहे, तरच मोटार चालूं व्हावी. बऱ्याच ऑटो स्विचांत ही वेळ लावण्याची सोय असतेच, पण बसविणारा ती शून्यावर ठेवून निघून जातो. ज्यांत ती नाहीं त्यांत टायमर नांवाचा रिले जोडतां येतो. हें काम जाणत्या मिस्त्रीकडूनच, वीज बंद असतां, करून घ्यावें.

मात्र एकट्यानें वेळ लावून भागत नाहीं. दहाही जणांनीं अर्धा मिनिट लावला तर दहाही मोटारी अर्ध्या मिनिटानें एकदम उठतील आणि धक्का तोच बसेल. एका डी. पी.वरील सर्वांनीं एकत्र बसून पहिल्यास अर्धा मिनिट, दुसऱ्यास एक, तिसऱ्यास दीड, असा क्रम ठरवावा. अशानें शेवटची मोटार उठतांना नऊ चालत्या मोटारींचे साडेसदुसष्ट व उठणारीचे पंचेचाळीस, म्हणजे सुमारें एकशें तेरा अँपियर, तेही दोनचार क्षण. हा भार ८४ हून अधिक असला तरी एवढ्या अल्प वेळापुरता डी. पी. सहन करते.

ऑटो स्विच असलेल्या विहिरीवर पंपास, पट्ट्यास किंवा तारेस हात लावण्यापूर्वीं केवळ लाल बटणावर विसंबूं नये. वीज आली आहे कीं नाहीं एवढेंच तें यंत्र विचारतें; विहिरींत माणूस उतरला आहे कीं नाहीं, ही अट त्याच्या पोटांत कोणी घातलेली नसते. मेन स्विच खालीं पाडावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशांत ठेवावे, आणि मगच खालीं उतरावें.

दहाव्या विहिरीच्या धन्यास पाणी पांच मिनिटें उशिरां सुरू होईल, यावरून तंटा होण्याचा संभव आहे. पाटाच्या पाण्याची पाळी आपण जशी फिरवितों तसा हा क्रमही दर पाळीस फिरवावा. टायमरचा आंकडा बदलण्यास एक मिनिटही लागत नाहीं.